खटका कुठल्या बाजूला आहे? ऑनलाइन चाचण्यांची साधनं निवडणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
विद्यापीठांची परीक्षा मंडळं आणि ऑनलाइन चाचण्यांचं सॉफ्टवेअर निवडणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

मी संख्याशास्त्र शिकवते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे दोनशेवर विद्यार्थी, सत्रात आठ छोट्या चाचण्या आणि एक मोठी परीक्षा, सगळं संगणकावर. मध्यंतरी तुमच्यासारख्याच एका निवड समितीत मला विषयशिक्षकांची प्रतिनिधी म्हणून बसवलं होतं. कंपनीचा माणूस जवळजवळ दोन तास बोलला. विद्यार्थ्याची मान वळली की पडद्यावर लाल खूण कशी येते, नजर किती सेकंद बाजूला गेली ते कसं मोजलं जातं, खोलीत दुसरा आवाज आला तर तो कसा पकडला जातो. सदस्यांनी हौसेनं शंका विचारल्या. शेवटी मी विचारलं, परीक्षा झाल्यावर कुठला प्रश्न नीट चालला आणि कुठला फसला, हे यात कुठे दिसतं? त्यानं थोडा वेळ मेनू धुंडाळले आणि ते पुढच्या आवृत्तीत येणार असल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि विषय पुढे सरकला. तेव्हा मला जे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझ्या प्रश्नपेढीत एक साधा प्रश्न होता. आठ निरीक्षणांचा नमुना दिलेला: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. या नमुन्यावरून समष्टीच्या प्रमाण विचलनाचा अंदाज काढा. (समष्टी म्हणजे नमुना ज्यातून उचलला तो सगळा समूह; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप.) उत्तरसूचीत मी २ लिहिलं होतं. सरासरी ५, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२, तिला ८नं भागलं की ४, वर्गमूळ २. आकडे सुटसुटीत म्हणून कुठल्याशा जुन्या प्रश्नपत्रिकेतून उचललेले. पण नमुन्यावरून अंदाज करायचा तर ८नं नाही, ७नं भागायचं असतं, आणि ते का, हे मीच वर्गात तासभर समजावलं होतं. तसं केलं की उत्तर २.१४ येतं. म्हणजे ज्यांनी माझं ऐकलं त्यांना शून्य, आणि ज्यांनी डोळे मिटून शाळेतलं सूत्र वापरलं त्यांना पूर्ण गुण. हा प्रश्न तीन सत्रं असाच चालला. तक्रार एकही आली नाही, कारण चाचणी संपल्यावर विद्यार्थ्यांना फक्त एकूण गुण दिसायचे. आपला कुठला प्रश्न चुकला हे कळायची सोयच नव्हती. ती सोय आम्हीच बंद केली होती, प्रश्न बाहेर फुटू नयेत म्हणून.

मला हे सापडलं ते निव्वळ योगायोगानं. एका मोकळ्या दुपारी मूडलमधला, म्हणजे आम्ही ज्यावर चाचण्या घेतो त्या मुक्त सॉफ्टवेअरमधला, सांख्यिकी अहवाल उघडला. तो तिथे कायम असतो, चाचणीच्या पानापासून दोन क्लिकवर, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक शिक्षकांनी तो कधी उघडलेला नाही. त्यात प्रत्येक प्रश्नापुढे काही आकडे असतात. त्यातले दोन कामाचे. एक, विद्यार्थ्यांना त्या प्रश्नात सरासरी किती टक्के गुण मिळाले, म्हणजे प्रश्न किती सोपा ठरला. दुसरा, त्या प्रश्नातले गुण आणि उरलेल्या चाचणीतले गुण यांचा परस्परसंबंध, म्हणजे प्रश्नानं जाणणाऱ्यांना आणि न जाणणाऱ्यांना कितपत वेगळं केलं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत यांना काठिण्यमूल्य आणि भेदनमूल्य म्हणतात. भेदनमूल्य ५० टक्क्यांच्या पुढे असेल तर प्रश्न उत्तम, ३०च्या पुढे असेल तर चालण्याजोगा, २०च्या खाली गेलं तर फारच कमजोर. आणि ऋण आलं तर समजायचं, की हुशार मुलं चुकताहेत आणि बाकीची बरोबर येताहेत. अशा वेळी दोष सहसा मुलांत नसतो.

माझ्या प्रश्नापुढे ऋण आकडा होता. तीनही सत्रांत.

कॅमेरा लावून, ब्राउझर कुलूपबंद करून, बोटांचे ठसे घेऊन मी ही परीक्षा कितीही कडेकोट घेतली असती तरी निकाल चुकीचाच लागला असता. फक्त तो चुकीचा निकाल अस्सल विद्यार्थ्याच्याच नावावर लागला आहे, एवढी खात्री मिळाली असती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

यात नवीन काही नाही, असं तुमच्यातले शिक्षणशास्त्रवाले म्हणतील, आणि ते खरं आहे. प्रश्नांचं असं विश्लेषण शंभर वर्षांच्या आसपास जुनं आहे. फरक इतकाच, की पूर्वी त्यासाठी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वर-खाली लावून हातानं मोजणी करावी लागायची आणि आता संगणक ते आपण न सांगताच करून ठेवतो. फुकट मिळतं म्हणून त्याची किंमत राहिली नसावी.

यंत्रांचा इतिहास या बाबतीत मजेशीर आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी टाइपरायटरएवढं एक यंत्र बनवलं. खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय दिसायचे, चार कळांपैकी एक दाबायची. यंत्र पुढच्या प्रश्नावर जायचं आणि बरोबर उत्तरांची संख्या मागे मोजत राहायचं. आपल्या आजच्या बहुपर्यायी परीक्षेचा हा आजोबा. पण त्याच यंत्राला एक छोटा खटका होता. तो फिरवला की बरोबर कळ दाबेपर्यंत यंत्र पुढे सरकायचंच नाही. विद्यार्थी चुकला की पुन्हा विचार करायचा, पुन्हा दाबायचं. त्या एका खटक्यानं परीक्षा घेणारं यंत्र शिकवणारं व्हायचं. प्रेसींना खरी हौस या दुसऱ्या बाजूची होती. जगानं मात्र पहिली उचलली. १९३८ साली आयबीएमनं गुण मोजणारं ८०५ हे यंत्र बाजारात आणलं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते एवढ्या तत्त्वावर ते उत्तरपत्रिकेवरच्या खुणा ओळखायचं. त्यात खटका वगैरे काही नव्हतं. ते फक्त मोजायचं, आणि भराभर मोजायचं.

आज मूडलमध्ये चाचणी तयार करताना एक छोटी यादी येते: प्रश्नांनी कसं वागायचं? आपण हात लावला नाही तर तिथे आपोआप 'प्रतिसाद शेवटी' अशा अर्थाचा पर्याय निवडलेला असतो. म्हणजे सगळं सब्मिट झाल्याशिवाय काही कळणार नाही. त्याच यादीत खाली आणखी पर्याय आहेत. लगेच प्रतिसाद देणारा आहे. चुकल्यावर एक इशारा देऊन पुन्हा प्रयत्न करू देणारा, आणि दर प्रयत्नाला थोडे गुण कापणारा आहे. प्रेसींचा खटका अजून तिथेच आहे, आणि आपण तो जसा आला तसा पहिल्या बाजूला सोडून देतो. तुमच्या परिपत्रकांनी तर तो त्याच बाजूला खिळे मारून बसवला आहे. 'सर्व अंतर्गत चाचण्यांत उत्तरं दाखवण्याची सुविधा बंद ठेवावी' असं वाक्य मी स्वतः वाचलेलं आहे.

त्याचं नुकसान किती? रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आठवायचा प्रयत्न हीच उत्तम उजळणी असते, हे त्यानंतर अनेकांनी तपासून पाहिलं आहे. छोट्या ऑनलाइन चाचणीचं खरं भांडवल हेच. दर आठवड्याला दहा प्रश्न, चुकलं तर का चुकलं याच्या दोन ओळी लगेच, हवं तर पुन्हा सोडवायची मुभा. दोनशे मुलांना हे माझ्या हातून कधीच झालं नसतं, संगणक रोज करतो. आणि आपण त्याला सांगतो, बाबा रे, तू तोंड उघडू नकोस, पेपर फुटेल.

पेपर फुटण्याची भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा इलाज मोठ्या प्रश्नपेढीत आहे. हिशेब करून बघा. पेढीत २५ प्रश्न असतील आणि प्रत्येकाला त्यातले २० यादृच्छिक निवडून दिले, तर कुठल्याही दोन विद्यार्थ्यांचे सरासरी १६ प्रश्न सारखे निघतात. हे नुसतं नावाला वेगळं. पेढी ६० प्रश्नांची केली की सारखे प्रश्न सरासरी सातच्याही खाली येतात. २०० प्रश्न असतील तर दोन. त्यानंतर एखाद्यानं आपली प्रश्नपत्रिका मित्राला पाठवली तर पाठवू दे. ती सोडवून मित्र अभ्यासच करेल.

अर्थात पेढी मोठी करणं म्हणजे प्रश्न ओतणं नव्हे. 'प्रकरण चारमधून कुठलेही पाच' असं संगणकाला सांगितलं आणि त्या प्रकरणात निम्मे प्रश्न व्याख्येचे आणि निम्मे तीन पायऱ्यांच्या गणिताचे असले, तर एकाच्या वाट्याला पाचही व्याख्या येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला पाचही गणितं. दोघांचे गुण मात्र एकाच गुणपत्रिकेत एकाच मापानं मोजले जातात. मी हे केलेलं आहे. एका मुलीनं येऊन दोन प्रश्नपत्रिका माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या आणि काही न बोलता उभी राहिली. तेव्हापासून मी प्रश्नांचे गट विषय आणि काठिण्य दोन्ही बघून लावते, आणि काठिण्य माझ्या अंदाजानं ठरवत नाही, मागच्या सत्राच्या आकड्यांवरून ठरवते. आपल्याला सोपा वाटणारा प्रश्न मुलांना किती अवघड जातो याबद्दलचा शिक्षकाचा अंदाज फारच भोंगळ असतो, निदान माझा तरी.

असा एक चांगला बहुपर्यायी प्रश्न लिहायला मला अर्धा ते पाऊण तास लागतो. वेळ खाणारी गोष्ट बरोबर उत्तर ही नसतेच. अर्धवट समजलेल्या माणसाला खरोखर बरोबर वाटतील असे चुकीचे पर्याय सुचणं, ही खरी मेहनत. त्यासाठी मुलं नेमकी कशी चुकतात ते माहीत असावं लागतं. एक दिलासा आहे: मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ साली ऐंशी वर्षांतलं संशोधन एकत्र करून दाखवलं, की बहुतेक वेळा तीन पर्याय पुरतात. चौथा आणि पाचवा पर्याय सहसा कुणी निवडतच नाही, तो जागा भरायला असतो. तुमच्या साच्यात मात्र 'चार पर्याय अनिवार्य' असतात, मग आम्ही 'वरीलपैकी सर्व' लिहून मोकळे होतो.

आता निगेटिव्ह मार्किंगबद्दल. चार पर्यायांना चुकीमागे एक तृतीयांश गुण कापायचा, म्हणजे निव्वळ अंदाजानं मारणाऱ्याची सरासरी शून्यावर येते. गणित चोख आहे. पण ज्याला दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं आहे, त्यानं उरलेल्या दोघांतला एक अंदाजानं निवडला तर त्याला सरासरी एक तृतीयांश गुण मिळतो, आणि ज्यानं भीतीनं प्रश्न सोडला त्याला शून्य. दोघांचं ज्ञान सारखं, गुण वेगळे. आपण मोजलं काय? धाडस.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या टोनी गार्डनर-मेडविन यांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. विद्यार्थ्यानं उत्तराबरोबर आपली खात्रीही सांगायची: कमी, मध्यम किंवा पक्की. बरोबर असेल तर अनुक्रमे १, २ किंवा ३ गुण. चूक असेल तर ०, वजा २ किंवा वजा ६. आकडे असे बसवले आहेत, की खात्री ६७ टक्क्यांच्या खाली असेल तर 'कमी' म्हणणं फायद्याचं, ८० टक्क्यांच्या वर असेल तरच 'पक्की' म्हणणं फायद्याचं. फुशारकी महागात पडते आणि नसता संकोचही. ही पद्धतही मूडलच्या त्याच यादीत आहे. मी ती सरावाच्या चाचण्यांत वापरते. पहिल्या वेळी वर्गाची दाणादाण उडते, कारण सगळे 'पक्की' दाबतात. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपर्यंत मुलं उत्तर देण्याआधी थांबायला लागतात. 'मला हे माहीत आहे असं वाटतं, पण का वाटतं?' असं एका मुलानं वर्गात मोठ्यानं म्हटलं, तेव्हा मला वाटलं, या सत्राचा पगार वसूल झाला.

संगणकाला फक्त पर्यायच तपासता येतात हा समजही काढून टाकायला हवा. बर्मिंगहॅम विद्यापीठात क्रिस सँगविन यांनी २००४च्या सुमारास सुरू केलेली स्टॅक ही प्रणाली विद्यार्थ्यानं लिहिलेलं बीजगणित तपासते. तिच्या पोटात मॅक्सिमा हे बीजगणित करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यामुळे उत्तर वेगळ्या रूपात लिहिलं म्हणून चूक ठरत नाही, आणि ओळखीची चूक केली तर तीच चूक नाव घेऊन दाखवता येते. माझ्या त्या ८ आणि ७च्या प्रश्नात आता असंच आहे. २ लिहिलं तर पडद्यावर येतं: 'तुम्ही निरीक्षणांच्या संख्येनं भागलंत. इथे नमुना दिला आहे, हे लक्षात घ्या आणि पुन्हा बघा.'

आता कॅमेऱ्याकडे येते, कारण तुम्ही इथवर वाचताना मनात म्हणतच असाल, की बाईंना कॉपी दिसत नाही का. दिसते. बावीस वर्षं दिसते आहे.

पण पाळतीच्या सॉफ्टवेअरनं काय मिळवलं तेही बघू. अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या परीक्षेआधी आपली झोपायची खोली कॅमेऱ्यानं फिरवून दाखवायला लावली. तो न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला, की ही घराची अवाजवी झडती आहे आणि ती घटनेच्या विरुद्ध आहे. नेदरलँड्समध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीनं तक्रार केली, की सॉफ्टवेअरला तिचा चेहरा ओळखायला त्रास होत होता आणि तिला तोंडावर दिवा लावून परीक्षा द्यावी लागली. तिथल्या मानवी हक्क संस्थेनं डिसेंबर २०२२च्या अंतरिम निर्णयात भेदभावाच्या संशयाला जागा आहे असं म्हटलं आणि तसं नसल्याचं दाखवण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकली. २०२३च्या अंतिम निर्णयात सॉफ्टवेअरमुळे भेदभाव झाल्याचं सिद्ध झालं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण परीक्षेच्या ऐन वेळी तोंडावर दिवा धरून बसलेल्या मुलीचं लक्ष प्रश्नात किती असेल, याचा निर्णय कुठली संस्था देणार?

माझ्या वर्गातल्या एका मुलाला विचार करताना छताकडे बघायची सवय आहे. प्रॉक्टरिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्यानं पाळत ठेवणाऱ्या, चाचणीत त्याच्या नावापुढे सगळ्यात जास्त लाल खुणा आल्या. त्या तपासायला मला त्याचं पन्नास मिनिटांचं चित्रीकरण पाहावं लागलं. पन्नास मिनिटं एक मुलगा छताकडे बघून गणित करत होता. तेवढ्या वेळात माझा एक प्रश्न लिहून झाला असता.

'हे यंत्रानं लिहिलं आहे का' ओळखणाऱ्या साधनांची गत याहून वाईट. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन काढलं. यंत्रानं लिहिलेल्या मजकुरातला जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता येत होता, असं कंपनीनंच सांगितलं होतं. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. निबंध सगळे माणसांनी लिहिलेले. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. परक्या भाषेत जपून, साध्या शब्दांत लिहिणं हाच गुन्हा. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३मध्ये टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ही सोय बंद केली, तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता: २०२२मध्ये आपण ७५,००० लेख तपासायला दिले होते, चुकीचं प्रमाण अवघं एक टक्का धरलं तरी सुमारे ७५० विद्यार्थ्यांवर खोटा आळ आला असता. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही टक्केवारी छापलेल्या अहवालासह.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की आपण दोन कामं एकाच साधनाच्या गळ्यात बांधली आहेत. एक काम शिकवण्याचं, दुसरं काम प्रमाणपत्रासाठी मोजण्याचं. घरी बसून, स्वतःच्या संगणकावर दिलेल्या परीक्षेला आज चॅटबॉट उत्तरं पुरवू शकतो, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनपर्यंत कुठलंही कुलूप पोचत नाही. तेव्हा घरची चाचणी मोजण्याच्या कामातून मोकळी करा. तिला गुण ठेवायचेच तर इतके कमी ठेवा, की कॉपी करणं कष्टाला महाग पडेल. उत्तरं लगेच दाखवू द्या, तीन वेळा सोडवू द्या. आणि ज्या परीक्षेवर पदवी ठरते ती संस्थेच्या संगणकांवर, सभागृहात, समोर चालता-फिरता पर्यवेक्षक ठेवून घ्या. तिथे ब्राउझर कुलूपबंद करायला झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठात तयार झालेला सेफ एक्झाम ब्राउझर आहे, मुक्त आणि विनामूल्य. त्याला कुणाचा चेहरा बघायची गरज पडत नाही. घरच्या आणि सभागृहातल्या गुणांत फारच तफावत दिसली तर त्या विद्यार्थ्याला बोलावून पाच मिनिटं बोला. दोनशेतल्या दहा-बारांशी बोलायला एक दुपार पुरते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या बाबतीत कळतं, की घरी तो निवांत होता आणि सभागृहात घाबरला होता. त्याला जादा वेळ हवा असतो, चौकशी नको असते.

जादा वेळेचं निघालंच आहे तर: ज्यांना नियमानं जादा वेळ मंजूर आहे त्यांच्यासाठी टायमर वेगळा लावणं ही कुठल्याही साधनात मिनिटभराची गोष्ट आहे. तरी दर सत्राला कुणाचा तरी पेपर अर्ध्यावर आपोआप सब्मिट होतोच. यावर अधिक काय लिहायचं.

एक मुद्दा तुम्हाला रुक्ष वाटेल, पण सगळ्यात जास्त पस्तावा त्याचाच होतो. प्रश्नपेढी कुणाची? मी शिकवत होते अशा एका ठिकाणी कंपनीबरोबरचा करार संपला आणि आमच्या चार वर्षांच्या कामातून हाती आली ती एक पीडीएफ. प्रश्न होते, पण पर्यायांमागचे प्रतिसाद, गट, मागच्या परीक्षांचे आकडे, सगळं गेलं. प्रश्न एका साधनातून दुसऱ्यात नेण्यासाठी क्यूटीआय नावाचं खुलं मानक बऱ्याच वर्षांपासून आहे. ते सांभाळणारी संस्था पूर्वी आयएमएस ग्लोबल म्हणून ओळखली जायची, आता वनएडटेक म्हणून. करारावर सही करण्याआधी कंपनीच्या माणसाला एवढंच सांगा: तुमच्याकडची एक पेढी आमच्यासमोर क्यूटीआयमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या साधनात आत घालून दाखवा. त्यातल्या किती प्रश्नांचे प्रतिसाद जागेवर राहिले ते मोजा. या एका प्रयोगानं तुमच्या यादीतली निम्मी नावं गळतील, असा माझा कयास आहे.

आणि शेवटची मागणी वेळेची. पेपर काढणं हे आमच्या कामाच्या तासांत धरलं जातं, पेढी राखणं धरलं जात नाही. प्रत्येक नवा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जाण्याआधी दुसऱ्या शिक्षकानं सोडवून बघावा, उत्तरसूची न बघता. माझा २चा घोटाळा तिथेच दोन मिनिटांत पकडला गेला असता. परीक्षेनंतर निकाल जाहीर करण्याआधी सांख्यिकी अहवाल कुणीतरी वाचावा, ऋण भेदनमूल्याचा प्रत्येक प्रश्न उघडून बघावा, आणि चूक आपली निघाली तर सगळ्यांचे गुण दुरुस्त करावेत. साधनात 'पुन्हा गुणांकन' असं बटण असतं. ते दाबायला संकोच वाटतो, हे मी अनुभवानं सांगते. तीन सत्रांतल्या मुलांना मी पत्र लिहून कळवलं तेव्हा पहिल्या तुकडीचे निकाल कधीच गोठवलेले होते. त्यांच्या गुणपत्रिकेत ती चूक तशीच आहे.

मूल्यमापनाच्या साधनांसाठी या वर्षी तुम्ही जी तरतूद कराल, तिच्यातला कॅमेऱ्यासाठी राखलेला हिस्सा या तासांकडे वळवावा, एवढीच या पत्राची विनंती. पुढच्या बैठकीला मला बोलावलंत तर माझ्या पेढीतल्या कमजोर ठरलेल्या ३१ प्रश्नांची यादी आकड्यांसह घेऊन येईन. तुम्ही येताना तुमच्या मागच्या परीक्षेचा अहवाल आणा, आणि त्याच्या शेजारी ठेवायला उत्तरसूची.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका